दोनशे विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन क्लाससाठी परवडणारं होस्टिंग: निवडीपासून पहिल्या टेस्टपर्यंत

तालुक्याच्या गावात दोन-तीन शिक्षकांनी मिळून चालवलेला एक क्लास डोळ्यांसमोर धरू. दोनशे विद्यार्थी, एमपीएससी किंवा पोलीस भरतीची तयारी, रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, नोट्सच्या पीडीएफ आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांची एकत्र टेस्ट. होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या सर्व्हरच्या भाड्यावर, वर्षाला पंधरा हजारांपेक्षा जास्त खर्च नको, ही अपेक्षा. ती रास्त आहे आणि पुरी होऊ शकते. मात्र जाहिरातीतला महिन्याचा भाव बाजूला ठेवून दोन प्रश्न धरून राहावं लागतं: रविवारी दहा वाजून एक मिनिटाने सर्व्हरचं काय होईल, आणि पाच वर्षांत मिळून एकूण किती पैसे जातील?

आधी हे ठरवा: होस्टिंग लागतंच का?

विद्यार्थी पन्नासच्या आत असतील, फी प्रत्यक्ष घेतली जात असेल आणि टेस्ट म्हणजे पंचवीस-तीस बहुपर्यायी प्रश्न असतील, तर गूगल क्लासरूम आणि गूगल फॉर्म्स पुरतात. दोन्ही साध्या जीमेल खात्यावर मोफत चालतात. वाचलेले पैसे चांगला माइक घ्यायला वापरा. विद्यार्थ्यांना त्याचा फायदा आधी जाणवेल.

स्वतःची साइट लागते ती प्रश्नसंच मोठा झाल्यावर. निगेटिव्ह मार्किंग हवं, प्रत्येकाला प्रश्नांचा क्रम वेगळा हवा, कुठल्या घटकात कोण मागे पडतंय ते महिनोन्‌महिने पाहायचं आहे, तर मूडलसारखी ऑनलाइन शिकवणीची पूर्ण प्रणाली हवी. मूडल हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केलं आणि त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. त्याला परवाना फी नाही, म्हणून खर्च उरतो तो फक्त होस्टिंगचा. दुसरा रस्ता वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर ट्यूटर एलएमएस किंवा लर्नडॅशसारखं प्लगइन, म्हणजे कोर्स चालवणारा जोडभाग, बसवण्याचा. कोर्सची विक्री मुख्य असेल तर वर्डप्रेस सोयीचं, टेस्ट मुख्य असतील तर मूडल. आपला क्लास टेस्टवर उभा आहे, म्हणून पुढचा हिशोब मूडलचा आहे. त्यातला बराचसा वर्डप्रेसलाही लागू पडतो.

पायरी १: गर्दी मोजा, विद्यार्थी नव्हे

होस्टिंगच्या जाहिरातीत “महिन्याला एक लाख व्हिजिट” असं लिहिलेलं असतं. हा आकडा बातम्यांच्या किंवा दुकानाच्या साइटसाठी ठीक आहे. तिथे सगळ्यांना एकच पान दाखवायचं असतं, म्हणून सर्व्हर ते तयार करून ठेवतो आणि वाटत राहतो. शिकवणीच्या साइटवर विद्यार्थी लॉग-इन करून येतो. त्याचं नाव, त्याचे गुण, त्याचे प्रश्न, सगळं वेगळं. प्रत्येक पान त्या क्षणी नव्याने बांधावं लागतं आणि तयार पानांची साठवण इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. म्हणून महिन्याच्या व्हिजिटचा आकडा पाहूच नका. पाहायचं ते एका क्षणी किती जण काहीतरी मागत आहेत हे.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगमध्ये बहुतेक ठिकाणी क्लाउडलिनक्स नावाची व्यवस्था असते. एका गिऱ्हाइकाने सगळा सर्व्हर खाऊन टाकू नये म्हणून ती प्रत्येक खात्याला मर्यादा घालते. त्यातली आपल्या कामाची मर्यादा म्हणजे ‘एंट्री प्रोसेस’: एका क्षणी तुमच्या साइटच्या किती विनंत्या चालू असू शकतात. स्वस्त प्लॅनमध्ये हा आकडा अनेकदा २० असतो. आता हिशोब करा. दहाच्या ठोक्याला दोनशे मुलांनी दहा सेकंदांत ‘टेस्ट सुरू करा’ दाबलं आणि प्रत्येक पान बनायला दोन सेकंद लागले, तर एका क्षणी सुमारे ४० विनंत्या चालू असतील. वीसच्या वरच्यांना ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसते, ते घाबरून पान पुन्हा पुन्हा लोड करतात आणि गर्दी आणखी वाढते. साइट बिघडलेली नसते. खात्याची मर्यादा संपलेली असते.

यावर एकही रुपया न घालता करता येण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्या आधी करा. दोनशेंच्या दोन बॅच पाडून एक दहाला आणि दुसरी साडेअकराला बसवली की गर्दी निम्मी होते. त्याच बॅचमध्ये टेस्ट पाच मिनिटांच्या खिडकीत केव्हाही सुरू करता येईल आणि वेळ ज्याच्या-त्याच्या सुरुवातीपासून मोजली जाईल असं लावलं, तर ठोक्याची धडक बरीच पसरते. एका पानावर एकच प्रश्न ठेवला तर शंभर प्रश्नांसाठी प्रत्येक विद्यार्थी शंभर पानं मागतो. दहा प्रश्न ठेवले तर दहाच. मधली उत्तरं मूडल ठरावीक वेळाने आपोआप जतन करतो, ती सोय बंद करू नका. नेट गेलेल्या मुलाची मेहनत तीच वाचवते.

पायरी २: व्हिडिओ होस्टिंगवर ठेवू नका

पैसे वाचवण्याची सर्वांत मोठी जागा ही आहे. ७२०पी दर्जाचा एक तासाचा व्हिडिओ दीड मेगाबिट प्रतिसेकंद धरला तर ६७५ एमबी होतो. अशी चाळीस व्याख्यानं म्हणजे २७ जीबी जागा. दोनशे मुलांनी प्रत्येक व्याख्यान एकदाच पाहिलं तरी ५,४०० जीबी डेटा सर्व्हरमधून बाहेर जातो. जाहिरातीत ‘अमर्याद’ लिहिलेलं असलं तरी कराराच्या अटींमध्ये व्हिडिओसाठा आणि अतिवापर यांबद्दल कलमं असतात. ती वाचा.

जागा आणि डेटा यांच्यापेक्षाही मोठं कारण वेगळं आहे. तुम्ही अपलोड केलेली एमपीफोर फाइल एकाच दर्जाची असते. साताऱ्याच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर सिग्नल कमी झाला की ती अडखळत राहते. यूट्यूबसारखी सेवा त्याच व्हिडिओच्या चार-पाच आवृत्त्या करून ठेवते आणि सिग्नल पाहून खालची आवृत्ती देते. चित्र धूसर झालं तरी आवाज सुरू राहतो. फळ्यावरचं अक्षर वाचता आलं नाही तरी सर काय सांगत आहेत ते कळतं. दिवसाचा दीड-दोन जीबीचा रिचार्ज जपून वापरणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

म्हणून मोफत किंवा कमी फीच्या क्लासने यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’, म्हणजे शोधात न दिसणारे, व्हिडिओ ठेवून ते मूडलमध्ये बसवावेत. ती लिंक कुणीही पुढे पाठवू शकतो, हे मान्य करून. कोर्सची फी हजारोंत असेल आणि चोरीची खरोखर धास्ती असेल, तर बनी स्ट्रीम किंवा व्हीडिओसायफर यांसारखी व्हिडिओची स्वतंत्र सेवा घ्या. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष अनलिस्टेडवर काढावं. व्हिडिओ फुटल्याने जेवढे विद्यार्थी जातात, त्याहून जास्त टेस्ट बंद पडल्याने जातात.

पायरी ३: शेअर्ड की व्हीपीएस

शेअर्डमध्ये एका यंत्रावर शेकडो साइट राहतात आणि यंत्राची देखभाल कंपनी करते. व्हीपीएसमध्ये यंत्राचा ठरावीक हिस्सा तुमचा असतो, पण साध्या व्हीपीएसची देखभालही तुमचीच.

एका वेळी तीस-चाळीस जणच टेस्ट देणार असतील तर चांगलं शेअर्ड होस्टिंग पुरेल. शंभरच्या पुढे व्हीपीएस घ्या. मूडलच्या दस्तऐवजात एक जुना ठोकताळा आहे: एक जीबी रॅममागे एकाच वेळी दहा ते वीस वापरकर्ते. हा ठोकताळा सावध आहे. ओपीकॅश आणि रेडिस ही वेग वाढवणारी साधनं नीट लावली तर प्रत्यक्षात जास्त पेलतं. तरी मोठं यंत्र महिनाभर भाड्याने घ्यायची गरज नाही, कारण आपली गर्दी आठवड्यातून तीनच तास असते.

क्लाउड कंपन्यांचं भाडं तासाच्या हिशोबाने लागतं, याचा फायदा घ्या. उदाहरणार्थ, डिजिटलओशनच्या बेंगळुरू केंद्रात २ जीबी रॅमचा साधा व्हीपीएस महिन्याला १२ डॉलरचा आणि ८ जीबी रॅम व चार कोअरचा ४८ डॉलरचा. रविवारी सकाळी आठला यंत्र बंद करून मोठं करायचं आणि दुपारी दोनला पुन्हा लहान. चार रविवार मिळून चोवीस तास होतात आणि जादा खर्च सव्वा डॉलरच्या आसपास येतो, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. एक अट आहे: मोठं करताना फक्त सीपीयू आणि रॅम वाढवा. डिस्क वाढवली की यंत्र परत लहान करता येत नाही.

लिनक्सची कमांड लाइन हाताळणारा माणूस जवळ नसेल तर उघडा व्हीपीएस घेऊ नका, भाव कितीही मोहात पाडो. अपडेट न केलेला सर्व्हर काही महिन्यांत दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो आणि त्यात मुलांचे फोन नंबर असतात. अशा वेळी ‘मॅनेज्ड’, म्हणजे देखभाल कंपनीच करते असा, व्हीपीएस बघा किंवा गावातल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला महिन्याचं मानधन ठरवून काम द्या. हे मानधन होस्टिंगच्या बजेटमध्येच धरा.

सर्व्हर कुठल्या शहरात आहे हेही विचारा. मुंबईतला सर्व्हर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला साधारण २० ते ५० मिलिसेकंदांत उत्तर देतो, अमेरिकेतला दोनशेच्या वर. एका पानात अनेक फेऱ्या होतात, त्यामुळे हा फरक साचत जातो. एडब्ल्यूएस, अकामाईचं लिनोड आणि व्हल्टर यांची केंद्रं मुंबईत आहेत. ईएसडीएस ही कंपनी तर नाशिकची.

पायरी ४: पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

हे प्रश्न शनिवारी रात्री उशिरा कंपनीच्या चॅटवर विचारा. उत्तर काय येतं इतकंच किती वेळाने येतं हेही कळतं, आणि रविवारी सकाळी अडचण आली तर याच माणसांशी गाठ असते.

- एंट्री प्रोसेस किती, रॅम किती, आणि आयनोडची म्हणजे फाइलसंख्येची मर्यादा किती? मूडल हजारो लहान फाइल बनवतो, त्यामुळे जागा शिल्लक असूनही आयनोड संपू शकतात.
- क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं करणारी सोय, दर मिनिटाला चालवता येते का? मूडलची ईमेल आणि पार्श्वभूमीवरची बरीच कामं क्रॉनवर चालतात. काही शेअर्ड प्लॅन पंधरा मिनिटांखाली परवानगी देत नाहीत.
- मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी: ४.५ आवृत्तीला किमान ८.१ लागते, ५.० ला ८.२. ती मिळेल का? तिची ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ही मर्यादा ५००० करता येईल का?
- ४.५ साठी डेटाबेस मारियाडीबी १०.६ किंवा मायएसक्यूएल ८ आहे का?
- ‘मूडलडेटा’ हा फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या, म्हणजे इंटरनेटवरून उघडणाऱ्या फोल्डरच्या, बाहेर ठेवता येतो का? आत ठेवला तर मुलांच्या फाइल जगाला उघड्या पडू शकतात.
- बॅकअप किती दिवसांचा, आणि तो परत बसवून द्यायचे वेगळे पैसे लागतात का?
- नूतनीकरणाचा भाव लेखी सांगा.

आवृत्ती निवडताना ४.५ घ्यावी असं मला वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे आणि तिला तीन वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती बसवायला दोन शिक्षकांच्या क्लासकडे वेळ नसतो.

पायरी ५: पाच वर्षांचा भाव काढा

समजा, जाहिरातीत महिना १४९ रुपये लिहिलंय. खाली बारीक अक्षरांत ‘४८ महिन्यांचे एकदम भरल्यास’ आणि ‘नूतनीकरण ४४९ रुपये’ असेल. तर पहिली चार वर्षं ७,१५२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,४३९. पाचवं वर्ष ५,३८८ अधिक जीएसटी, म्हणजे ६,३५८. पाच वर्षांचे १४,७९७ रुपये, महिन्याला २४७. हाही भाव वाईट नाही, पण तो १४९ नाही. शिवाय न वापरून पाहिलेल्या कंपनीकडे चार वर्षांचे पैसे अडकतात. आधी महिन्याच्या किंवा वर्षाच्या भावाने घ्या. जास्त पडलेले दोन-तीनशे रुपये म्हणजे सोडून जाण्याच्या मोकळिकीची किंमत.

डॉलरमध्ये बिल येत असेल तर जीएसटी आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क धरा. वरचा १२ डॉलरचा व्हीपीएस करासह बारा-तेराशे रुपयांच्या घरात पडतो, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास.

तुलना करणाऱ्या साइटवर फार विसंबू नका. त्यातल्या कित्येकांना तुमच्या खरेदीवर कमिशन मिळतं. शिवाय ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि बिगरॉक ही तीन वेगळी नावं एकाच न्यूफोल्ड डिजिटल या समूहाची आहेत, हे अशा यादीत सहसा सांगितलेलं नसतं.

पायरी ६: डोमेन वेगळीकडे, स्वतःच्या नावावर

होस्टिंगसोबत मिळणाऱ्या मोफत डोमेनवर, म्हणजे साइटच्या नावावर, मी भर देणार नाही. डोमेन वेगळ्या कंपनीकडे घ्या, म्हणजे होस्टिंग बदलताना नाव अडकून राहत नाही. नोंदणी क्लासच्या मालकाच्या नावाने, त्याच्याच ईमेलवर आणि मोबाइलवर करा. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात डोमेन राहिलं तर उद्या तो नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, की क्लासचं नाव हातातून जातं. कुणाचाही हेतू वाईट नसताना हे घडतं.

कार्डाच्या आपोआप वसुलीवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आवर्ती व्यवहारासाठी ई-मँडेट, म्हणजे आधी नोंदवलेली परवानगी, लागतं आणि १५,००० रुपयांवरच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागतो. परदेशी कंपन्यांची वसुली यात अनेकदा अडते. डोमेन तीन-पाच वर्षांसाठी एकदम भरून ठेवा आणि संपण्याची तारीख दोघांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला.

पायरी ७: ईमेल, देवनागरी, बॅकअप

एसएसएलसाठी, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, पैसे देऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. ईमेलबाबत थोडं सांभाळा. शेअर्डवर तासाला किती ईमेल जातील याला मर्यादा असते आणि काही क्लाउड कंपन्या ईमेलचे पोर्टच बंद ठेवतात. ब्रेव्हो या ईमेल पाठवणाऱ्या सेवेच्या मोफत खात्यातून दिवसाला ३०० ईमेल जातात, आपल्याला पुरतात. ईमेल खरोखर तुमचीच आहे हे सांगणाऱ्या एसपीएफ आणि डीकिम या नोंदी डोमेनवर लावा, नाहीतर पासवर्ड बदलायची ईमेल स्पॅममध्ये जाईल. सूचना व्हॉट्सअॅप ग्रुपवरच द्या, मूडलमधल्या बाकीच्या ईमेल सूचना बंद करून टाका.

डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’ या देवनागरी नीट साठवणाऱ्या प्रकारात बनवा. विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमधून घेताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एक गोष्ट होस्टिंगने सुटणारी नाही: मूडलची प्रमाणपत्रं टीसीपीडीएफ या साधनाने बनतात आणि त्याला देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. प्रमाणपत्राचा मराठी मजकूर पार्श्वभूमीच्या चित्रातच घ्या आणि फक्त विद्यार्थ्याचं नाव रोमन लिपीत छापा. मुलांना आपलं नाव मराठीत हवं असतं, म्हणून ही तडजोड मला खटकते. ते नाव हाताने लिहिता आलं तर जरूर लिहा.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी लागतात: डेटाबेस, मूडलडेटा आणि मूडलचा कोड. तिन्हींची प्रत दुसऱ्या कंपनीकडे किंवा घरच्या हार्ड डिस्कवर हवी. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांपैकी कित्येकांचं सगळं गेलं. व्हिडिओ बाहेर ठेवले असल्याने आपला बॅकअप लहान राहील. तो दर रविवारी टेस्टनंतर आपोआप निघेल असं लावा. तिमाहीत एकदा तो कोऱ्या जागी बसवून साइट उघडते का ते पाहा.

पायरी ८: सरावाची टेस्ट

फी घेण्याआधी साठ-सत्तर विद्यार्थ्यांना एक मोफत टेस्ट द्या, सगळ्यांनी एकाच क्षणी सुरू करायची. त्याआधी स्वतः भार तपासायचा असेल तर मूडलच्या प्रशासन विभागात ‘डेव्हलपमेंट’खाली जेमीटर या खोटी गर्दी पाठवणाऱ्या साधनाची चाचणी योजना तयार करून मिळते. कंपनीला आधी कळवा, नाहीतर ही गर्दी तिला हल्ला वाटेल. शेअर्डवर तर ही चाचणी करूच नका, शेजारच्या साइटना त्रास होतो.

टेस्ट चालू असताना एकाने शेअर्ड होस्टिंगच्या सीपॅनेल या नियंत्रणपानावरचा संसाधनवापराचा आलेख किंवा व्हीपीएसवरचा सीपीयूचा आकडा बघत राहावं. सीपीयू सतत ८० टक्क्यांच्या वर असेल किंवा ‘फॉल्ट’च्या, म्हणजे मर्यादा गाठल्याच्या, रकान्यात शून्याहून वेगळा आकडा आला, तर पुढच्या रविवारी बॅच लहान करा. बॅच लहान करून भागलं नाही तरच वरचा प्लॅन घ्या. टेस्ट दिलेल्या मुलांना एवढंच विचारा: कुणाला पान उघडायला वेळ लागला, कुठल्या गावातून, कुठल्या कंपनीच्या सिमवर. एकाच सिमच्या मुलांची तक्रार असेल तर दोष नेटवर्कचा असण्याची शक्यता जास्त. गावं आणि सिम वेगवेगळी असून तक्रार एकच असेल तर सर्व्हर तपासा.